डॉ. कमला सोहोनी : गरिबाच्या ताटातलं विज्ञान



लोह, आयोडीन, सेलेनियम ही खनिजं शरीराला अगदी थोडी लागतात. पण कमी पडली की पेशींचं काम बिघडतं. मुलं ही नावं पाठ करतात आणि विसरतात. त्यांना या नावांबरोबर कमलाबाईंची गोष्ट सांगून बघा.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर त्यांनी इतकं चोख काम केलं, की त्यानंतर मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं.

पुढे केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना त्यांनी सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतं हे दाखवलं. हे लोह असलेलं प्रथिन पेशीला अन्नातून ऊर्जा मिळवायला मदत करतं. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या आणि त्याच वर्षी भारतात परतल्या.

दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. इथे त्यांनी गरिबाच्या ताटातलं अन्न अभ्यासाला घेतलं. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यावर काम केलं. नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर मातांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर शिकवणाऱ्यांना कुपोषण म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शाळेत मटकीची उसळ असेल त्या दिवशी मुलांना विचारा, कडधान्य नीट शिजवून का खायचं? नीट शिजलं की पचन अडवणाऱ्या घटकांचा जोर कमी होतो, हे त्यांना सांगा. आणि वर्गातल्या मुलींना हेही सांगा, की हा अभ्यास करणाऱ्या बाईंना एकदा प्रवेशच नाकारला होता.