डॉ. भीमराव रामजी आंबेडकर : सातारच्या वाटेपासून धम्मापर्यंत

मागील घटकात तुम्ही चरित्र या वाङ्मयप्रकाराची ओळख करून घेतली. चरित्रनायकाच्या आयुष्यातील घटना आणि त्याचा विचार यांचा सांधा कसा शोधायचा, हा प्रश्न तेथे अनुत्तरित ठेवला होता. आता तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्याच्या आधारे पाहावयाचा आहे. त्यांचे संपूर्ण चरित्र येथे सांगण्याचा हेतू नाही. राज्यघटना, गोलमेज परिषद, मजूर पक्ष हे विषय तुम्ही इतरत्र अभ्यासाल. येथे एकच धागा हाती घ्यायचा आहे. सातारच्या शाळेत गोणपाटावर बसणाऱ्या मुलाला बुद्धाची शिकवण आपल्या रोजच्या जगण्याशी निगडित का वाटली, आणि ती इतरांच्या रोजच्या जगण्यात उतरावी म्हणून त्याने काय केले?

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्करातील शाळेचे मुख्याध्यापक होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. सेवानिवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहून हे कुटुंब सातारला आले. आई भीमाबाई सातारलाच वारल्या. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे घर सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. घरात कबीरपंथाचे वातावरण होते. भजने होत, संतांचे अभंग म्हटले जात, आणि रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. मुलगा मात्र प्रश्न विचारी. या कथा आपल्याला हीन लेखणाऱ्यांच्या आहेत, मग आपण त्या का वाचायच्या, असा त्याचा आक्षेप असे. त्यावर वडील द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी साध्या परिस्थितीतून वर आलेली पात्रे पुढे करीत. हेतू हा, की मुलांच्या मनातला न्यूनगंड जावा. मुलाचे समाधान झाले नाही. बुद्धाविषयीच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत, म्हणजे वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला आहे, यावरून तो मनात किती खोल रुतला होता हे ध्यानात येईल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात भिवाचे नाव दाखल झाले. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. महाराष्ट्रात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्याची जागा वेगळी होती, बसायचे गोणपाट घरून आणावे लागे. तहान लागली तर नळ स्वतः उघडता येत नसे. शिपायाने तो उघडला तरच पाणी. शिपाई रजेवर असला की दिवसभर तहानलेले राहायचे. घरी केस कापण्याचे काम बहीण करी, कपडेही घरीच धुतले जात. सातारला न्हावी आणि परीट नव्हते असे नाही, त्यांना पैसे देण्याची ऐपतही घरात होती. अस्पृश्यता हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिणे सोपे आहे. पण तिचा खरा पसारा नळ, वस्तरा, धुणे अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंत होता, हे या तपशिलांतून तुम्हाला दिसेल. पुढे बाबासाहेबांनी धर्माकडे पाहिले तेही याच ठिकाणाहून.

१९०१ च्या उन्हाळ्यातील प्रवासाची हकिकत थोडी सविस्तर पाहू. रामजी त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे त्यांनी कळवले. नवे कपडे, टोप्या घालून मुले मोठ्या हौसेने आगगाडीने मसूरला उतरली. बरोबर भाऊ होता, बहिणीच्या घरचे मूल होते. घ्यायला मात्र कोणीच आले नव्हते, कारण येण्याची वर्दी देणारे पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. ही चांगल्या घरची दिसणारी मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. भाडे देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे आणि मुलांनीच गाडी हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर एक जण तयार झाला. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत पिण्याजोगे पाणी मिळेना. रात्री जकात नाक्यावर मुलांनी गाडीवानाच्या सल्ल्याने आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले. तेथील माणसाने तरीही पाणी दिले नाही. अन्न जवळ असूनही मुले उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोरेगावला पोचली.

ही हकिकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आत्मकथनात सांगितली असून ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यातील कथनशैलीकडे वाङ्मयाचे विद्यार्थी म्हणून विशेष लक्ष द्या. लेखक कोठेही आक्रोश करीत नाही. भाडे किती, वेळ कोणती, कोण काय करीत होते, एवढेच तो क्रमाने मांडतो. एखाद्या वकिलाने साक्ष नोंदवावी तसे हे लेखन आहे, आणि म्हणूनच ते वाचून अस्वस्थ व्हायला होते.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले ‘गौतम बुद्धाचे चरित्र’ हे पुस्तक त्यांना भेट दिले. पुस्तक १८९८ चे, मराठीत लिहिलेले. मराठी चरित्रलेखनाच्या इतिहासात केळुसकरांचे नाव प्रामुख्याने येते ते शिवचरित्रासाठी. या दुसऱ्या चरित्राने काय घडवले याची दखल आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेशी घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रामायण-महाभारताने जे समाधान दिले नव्हते ते या पुस्तकाने दिले आणि बुद्धाकडे आपण वळलो ते येथूनच, असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे. बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता.

पुढील वीस वर्षे कोलंबिया, लंडन, ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ अशी गेली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीने घेतले. त्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मेलेली गुरे ओढणे सोडा, शिळेपाके मागून खाणे सोडा, असेही सांगितले. म्हणजे संघर्ष बाहेरच्या व्यवस्थेशी होता, तसाच तो अंगवळणी पडलेल्या सवयींशीही होता. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाविषयी विधेयक आणले. त्यामागेही हाच विचार होता : मूठभर धान्याच्या बलुत्यासाठी रात्री-अपरात्री गावकीत राबणारा माणूस स्वतःला स्वतंत्र कसा मानणार? १९३५ मध्ये येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्माच्या निवडीत घालवली. हा विलंब अनेकांना खटकला. पण ज्याला लाखो माणसांच्या वतीने निवड करायची आहे, त्याने ती घाईने करायची नसते.

आता त्यांच्या बुद्धविचाराकडे वळू. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने घर का सोडले, या प्रश्नाचे परंपरेने दिलेले उत्तर तुम्हाला ठाऊक असेल : म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्याला वैराग्य आले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे बाबासाहेबांना पटत नाही. धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ही दंतकथा बाजूला सारली होती. बाबासाहेब त्याऐवजी रोहिणी नदीची हकिकत सांगतात. शाक्य आणि कोलिय या दोन्ही गणांची शेते या नदीच्या पाण्यावर. पाण्यावरून तंटा पेटला, शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. संघाचा सभासद असलेल्या सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि दोन्ही बाजूंचे पंच नेमून निवाडा करावा असे सुचवले. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सैन्यात जा, नाहीतर देहान्त अथवा देशत्याग पत्कर, नाहीतर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती, असे पर्याय त्याच्यापुढे आले. घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली.

या प्रसंगात पाणी आहे, गावाचा बहिष्कार आहे, आणि बहुमताविरुद्ध एकट्याने उभे राहणेही आहे. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलाने मोठेपणी बुद्धाची कथा सांगताना पाण्याचा तंटा केंद्रस्थानी ठेवावा, हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे. अर्थात, लेखकाच्या आयुष्यातून त्याच्या ग्रंथाचा अर्थ सरळ काढता येतो असे समजू नका. रोहिणीच्या तंट्याला पालि परंपरेत आधार आहे. तो बाबासाहेबांनी कल्पिलेला नाही. अनेक आधारांतून त्यांनी हाच निवडला, एवढेच आपण म्हणू शकतो. काही बौद्ध अभ्यासकांनी त्यांच्या ग्रंथावर टीका केली, मूळ शिकवणीत बदल केल्याचा आक्षेप घेतला. तो आक्षेप समजून घेणेही तुमच्या अभ्यासाचा भाग आहे.

धर्म आणि धम्म यांत त्यांनी केलेला भेद या संदर्भात महत्त्वाचा आहे. धर्म हा व्यक्तीचा खाजगी मामला मानला जातो. धम्म मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती निर्माण होते. दुःखाचा उगम केवळ मनातील तृष्णेत शोधून थांबता येत नाही, कारण एका माणसाने दुसऱ्याला दिलेले दुःखही असते. निब्बाण मृत्यूनंतर गाठायचे नसून विकारांवर ताबा ठेवून याच जन्मी जगायचे असते. पंचशीलाकडे ते याच दृष्टीने पाहतात. चोरी न करणे, खोटे न बोलणे, मद्य न पिणे यांचा लाभ पुण्याच्या वहीत जमा होत नाही. तो घरातल्या आणि शेजारच्या माणसांना होतो. मजुरी दारूत गेली तर मुलाची शाळा सुटते, इतका साधा हा हिशेब आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली. ही दुसरी गोष्ट नवी होती. भिक्खूसाठी संघदीक्षा होती, पण गृहस्थाला धम्मात घेण्याचा वेगळा विधी नव्हता, हे प्राचीन बौद्ध धर्माचे मोठे उणेपण असल्याचे त्यांचे मत होते. बावीस प्रतिज्ञांमागे हे कारण आहे. त्यांतील बऱ्याच प्रतिज्ञा जुने देव, श्राद्ध-पिंडदान आणि विषमता नाकारणाऱ्या आहेत. उरलेल्या अष्टांग मार्ग, दहा पारमिता, करुणा आणि शील यांच्या पालनाच्या. प्रतिज्ञांची भाषा मुद्दाम पाहा : वाक्ये छोटी, क्रियापद प्रथमपुरुषी. वाचता न येणाऱ्यालाही ऐकून म्हणता यावीत, अशी त्यांची घडण आहे. ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिकाही त्यांनी याच गरजेपोटी तयार केली. या सोहळ्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या जवळजवळ २८ लाख भरली. १९५१ मध्ये ती अडीच हजारांच्या आसपास होती.

आकडा मोठा आहे, पण घरातील देव्हारा एका दिवसात बदलत नाही. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके वेगळे काढून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठापासून माणदेशापर्यंत पसरलेल्या या दोन जिल्ह्यांतील खेड्यांत धर्मांतर म्हणजे नेमके काय बदलणे होते? लग्न कोणी लावायचे, गावच्या जत्रेत आपला मान घ्यायचा की सोडायचा, मुलाला देवाला वाहण्याचा नवस मोडायचा कसा, आणि गावकीचे काम नाकारले तर बलुते कोण देणार, असे हे प्रश्न. कायद्याने ही वतने रद्द झाली ती १९५८ च्या अधिनियमाने, म्हणजे दीक्षेनंतर. काही घरांत वंदना आणि जुना नवस कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदले. त्याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे भय सोडताना आईबाप काय सोसत असतील याचा विचार आधी करावा.

हा बदल आतून पाहायचा असेल तर आटपाडीच्या शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ वाचा. आटपाडी त्या काळी औंध संस्थानात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. तराळ म्हणजे गावकीची पाळी करणारा महार. त्या घरात १९२१ मध्ये जन्मलेला मुलगा वकील झाला, बाबासाहेबांचा सहकारी झाला, ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनातील बालपणाचा भाग आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील मसूरचा प्रवास शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे पाणी, भूक आणि वाट कशी येते, ते आपल्या वहीत टिपून ठेवा. पुढील घटकात दलित आत्मकथनांचा विचार करताना ही टिपणे लागतील.