एका चौकटीत एकच मूल्य : एडगर कॉड

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्याच्या पोर्टलंड बेटावर १९ ऑगस्ट १९२३ रोजी एडगर कॉड यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डमध्ये गणित व रसायनशास्त्राचे अध्ययन, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक आणि १९४८ पासून न्यूयॉर्क येथे आयबीएममध्ये नोकरी, असा त्यांचा प्रारंभीचा प्रवास. अमेरिकेत मॅकार्थी यांच्या संशयी राजकारणाने जोर धरला, तेव्हा ते न पटल्याने कॉड १९५३ मध्ये कॅनडात गेले. परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी संगणकातील माहिती साखळीसारखी गुंफलेली असे. एखादी नोंद शोधण्यास साठवणुकीच्या आडवाटा ठाऊक असलेला जाणकारच लागे. कॉड यांच्या १९७० च्या निबंधाने ही चौकट मोडली. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि प्रत्येक चौकटीत एकच अविभाज्य मूल्य असावे, असा विचार त्यांनी मांडला.

हा दंडक मोडला की शोध फसतो. समजा, ग्रंथालयाच्या तक्त्यात एका पुस्तकाचे विषय-क्रमांक स्वल्पविराम देऊन ‘५,१२,२१’ असे एकाच रकान्यात भरले. क्रमांक १ चा विषय शोधू जाता हे पुस्तकही पुढे येते, कारण १२ आणि २१ यांच्या पोटात १ आहेच. यादीच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम जोडून ‘,१,’ असे शोधल्यास चूक टळते. परंतु साध्या अनुक्रमणिकेचा आधार सुटतो आणि संगणकाला एकेक ओळ तपासावी लागते. कॉड यांच्या विचारातून निघणारा उपाय सरळ आहे : पुस्तक व विषय यांच्या जोड्यांचा वेगळा तक्ता करावा आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र ओळ द्यावी.

आयबीएमची जुन्या धाटणीची आयएमएस प्रणाली तेव्हा चांगली चालत होती. त्यामुळे आपल्याच संशोधकाचा विचार बाजारात आणण्यास कंपनीने विलंब लावला. ओरॅकल १९७९ मध्ये पुढे गेले. आयबीएमचे उत्पादन १९८१ मध्ये आले. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला. नावापुरत्या ‘रिलेशनल’ म्हणवणाऱ्या उत्पादनांची पारख व्हावी म्हणून १९८५ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध १२ नियम मांडले.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. घाईत एकाच रकान्यात यादी कोंबण्याचा मोह मात्र अजून सरलेला नाही. भरताना वाचलेले श्रम शोधताना दुपटीने फेडावे लागतात.