विदरिंगची खतावणी

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरात हृदयाची औषधे घेणारे दोघे. एक मी, दुसरा बारा वर्षांचा चिकू. जातीने पॉमेरेनियन. त्याच्या हृदयाची झडप गळते, फुप्फुसात पाणी साठते. त्याला लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड, रक्तवाहिन्या सैल करणारे एनालाप्रिल, हृदयाला जोर देणारे पिमोबेंडान, आणि ठोके बिघडल्यापासून डिगॉक्सिन. या चौथ्या गोळीमागे विल्यम विदरिंग हा माणूस उभा आहे.

विदरिंग १७४१ साली इंग्लंडातल्या वेलिंग्टन गावी जन्मला. १७६६ मध्ये एडिंबरोहून डॉक्टर होऊन तो स्टॅफर्डला आला. तिथे हेलेना कुक्स ही चित्रे काढणारी तरुणी त्याची रुग्ण झाली आणि पुढे पत्नी. वनस्पतिशास्त्राची गोडी त्याला याच काळात लागली, असे म्हणतात.

१७७५ साली एक घरगुती नुस्खा त्याच्यापुढे आला. श्रॉपशरमधली कुणी म्हातारी अंगात पाणी भरलेल्यांना तो देई. त्यात वीसेक वनस्पती होत्या. ‘हटनबाई’ हे तिचे नाव विसाव्या शतकातल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीने दिलेले. विदरिंगच्या पुस्तकात ते नाही. एवढ्या पाल्यात काम करणारी एकच, घंटेसारख्या जांभळ्या फुलांची फॉक्सग्लोव्ह, हे त्याने ओळखले.

खरे काम पुढचे. पान विषारीच. आपल्याकडच्या कण्हेरीतही त्याच जातीचे विष असते. सुरुवातीला त्याचे डोस फार मोठे पडले, रोगी ओकून बेजार झाले. मग त्याने पाने फुलोऱ्याच्या वेळीच तोडायची, वाळवून पूड करायची, मोजून थोडी द्यायची, असे ठरवले. मळमळ सुटली, नाडी मंदावली, लघवी सुटली किंवा पोट बिघडले, की औषध थांबवायचे. १७८५ साली त्याने दहा वर्षांतल्या दीडशेहून अधिक रोग्यांची हकिगत छापली, फसलेल्यांसह. आयुष्य बँकेत काढलेल्या मला हे फार भावते. बुडीत खाती लपवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

गेल्या पावसाळ्यात मी हेच विसरलो. चिकू दोन रात्री खोकला, म्हणून माझ्याच डबीतली फ्युरोसेमाइडची अर्धी गोळी मी त्याला जादा दिली. औषध तेच, मग बिघडते काय! तिसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले, ओकला. हृदयच थकले असे समजून मी डिगॉक्सिन देणार, तोच सौ.ने हात धरला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी ती गोळी थांबवून रक्त तपासले. पोटॅशियम खाली आले होते. जादा लघवीवाटे ते जाते, आणि ते घटले की डिगॉक्सिनचा नेहमीचाच डोस विषासारखा वागतो. शिवाय मूत्रपिंड मंदावले तर डिगॉक्सिन अंगात साचते, आणि फ्युरोसेमाइड व एनालाप्रिल या जोडीचा ताणही मूत्रपिंडावरच. म्हणून डोस बदलला की रक्ततपासणी, आणि माणसाची वेदनाशामके घरातल्या कुत्र्यापासून दूर. पुढे डॉक्टरांनी कमी डोसावर ती गोळी पुन्हा सुरू केली.

विदरिंगने पानाची पूड दिली. आजचे डिगॉक्सिन त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीपासून काढतात. हृदयावर त्या पानाची सत्ता चालते हे त्याने नोंदवले, पण पाणी साठते ते हृदय थकल्याने, हा सांधा त्याला पुरता जुळला नाही. क्षयाने पोखरलेला तो हिवाळे काढायला लिस्बनलाही जाऊन आला. १७९९ च्या ६ ऑक्टोबरला तो गेला. एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिशिलेवर फॉक्सग्लोव्ह कोरलेली आहे.

चिकूच्या वहीत आता रोज दोन रकाने भरतो: झोपेत मिनिटाला श्वास किती आणि ताटली रिकामी झाली का. काल श्वास चोवीस होते. ताटली चाटूनपुसून.