श्रीमंत सयाजीराव महाराज : ममीची पेटी आणि ग्रंथांच्या पेट्या

ग्रंथालयाची शताब्दी साजरी होत असता ज्या पुरुषाचे स्मरण अगत्याने व्हावयास हवे, तो म्हणजे बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव गायकवाड. खेड्यातील शेतकऱ्याच्या दारापर्यंत सरकारने पुस्तक पोहोचवावे, ही कल्पना आपल्या देशात प्रथम राज्यव्यापी स्वरूपात साकार झाली ती त्यांच्या संस्थानात. भोपाळच्या मराठी कुटुंबांना बडोदे तसे परके नाही. उज्जैन, रतलाम, गोध्रा या मार्गाने रेल्वे थेट तेथवर जाते आणि बडोद्यास गेलेला पाहुणा मुलाबाळांसह कमाटीबागेतील संग्रहालय पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. चित्रे, मूर्ती, नाणी, शस्त्रे असे पुष्कळ काही तेथे पाहावयास मिळते. परंतु घरी परतल्यावर मुले बोलतात ती एकाच वस्तूविषयी, आणि ती म्हणजे काचेच्या पेटीतील मिसर देशची ममी.

मृत देह अग्नीच्या स्वाधीन करून अस्थी नदीत विसर्जित करणाऱ्या आपल्या समाजाला या प्रकाराचे नवल वाटावे, हे साहजिकच आहे. प्राचीन मिसरी लोकांची श्रद्धा नेमकी उलट होती. देह टिकला तरच आत्म्याला परलोकी ठाव मिळतो, असे ते मानीत. म्हणून ते मृताचा मेंदू नाकावाटे काढीत, कुशीला छेद देऊन आतडी, यकृत, फुप्फुसे व जठर बाहेर घेत आणि चार स्वतंत्र कुंभांत ठेवीत. हृदय मात्र जागचे हलवीत नसत, कारण परलोकातील न्यायसभेत सत्यदेवतेच्या पिसाशी त्याचे वजन व्हावयाचे असे. नंतर नेट्रॉन नावाच्या क्षारात देह पुरून वाळवायचा, तेलांनी व राळेने माखायचा आणि लिननच्या पट्ट्यांनी थरावर थर गुंडाळायचा. या साऱ्या विधीस सत्तर दिवस लागत. ‘ममी’ हा शब्द मात्र मिसरी नव्हे. फारसीतील ‘मोम’, म्हणजे मेण, या शब्दापासून ‘मूमिया’ झाला आणि तोच अरबीतून युरोपात गेला. मोमबत्ती हा शब्द रोज कानी पडणाऱ्या भोपाळकरांना हे नाते सहज उमगेल.

भारतात खऱ्या ममी अगदी मोजक्या संग्रहालयांत आहेत. कलकत्ता, मुंबई, जयपूर, हैदराबाद व लखनौ यांच्या पंक्तीत बडोदे बसले ते सयाजीरावांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ही ममी आपल्या नव्या संग्रहालयासाठी विकत घेतली. असल्या वस्तू तेव्हा उघडपणे विकल्या जात, आणि युरोप-अमेरिकेतील धनिक त्या हौसेने घेऊन दिवाणखान्यात मांडीत. महाराजांनी ती आपल्या महालात ठेवली नाही. सार्वजनिक बागेतील इमारतीत, कोणीही येऊन पाहावी अशा ठिकाणी ठेवली. त्यांच्या चरित्राची दिशा या एका गोष्टीवरून कळते.

त्या चरित्राचा आरंभ फार साधा आहे. मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळराव जन्मले. घराणे राजकुळाशी नाते सांगणारे, पण राहणी शेतकऱ्याची. १८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी भाऊबंदांतील मुलांचा शोध सुरू केला. त्यांत गोपाळरावांची निवड झाली. या निवडीच्या प्रसंगी मुलाने दिलेल्या बाणेदार उत्तराची आख्यायिका सर्वश्रुत असल्याने येथे तिची पुनरुक्ती नको. अधिक महत्त्वाचे हे की, बारा वर्षांच्या या मुलाला तोपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. त्यांनीही या विद्यार्थ्याला राजनीतीचे पाठ दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. अक्षरओळख इतक्या उशिरा झालेला हा पुरुष पुढे आयुष्यभर ग्रंथांत रमला.

१८८५ साली पहिल्या पत्नी चिमणाबाई क्षयाने वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी महाराजांचा विवाह झाला. याच दुसऱ्या महाराणी चिमणाबाई. माळव्याची ही कन्या पुढे १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली अध्यक्षा झाली.

महाराजांची प्रकृती नाजूक होती. निद्रानाशाने ते त्रस्त असत. वैद्यांच्या सल्ल्याने १८८७ साली ते प्रथम युरोपास गेले आणि त्यानंतर परदेशगमन हा त्यांच्या आयुष्याचा भागच झाला. ते जेथे जात तेथील शाळा, कारखाने, ग्रंथालये व संग्रहालये बारकाईने पाहत. बडोद्याचे संग्रहालय याच काळातले. मेजर मँट व चिझम या स्थापत्यकारांच्या आराखड्यानुसार उभारलेली त्याची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. तेथे खनिजे आली, प्राण्यांचे सांगाडे आले, जपान, तिबेट व नेपाळच्या कलावस्तू आल्या. पुढे युरोपीय चित्रांसाठी शेजारी वेगळी चित्रशाळा बांधली. ही चित्रे महायुद्धामुळे इंग्लंडमध्येच अडकून पडली आणि चित्रशाळा उघडण्यास १९२१ साल उजाडले. भोपाळच्या नवाब सुलतानजहाँ बेगम यांनी १९०९ साली एडवर्ड म्यूझियम स्थापन केले, ते याच पिढीतील संस्थानी जागृतीचे फळ होय.

या प्रवासांवर टीकाही झाली. राजा वर्षाचे कित्येक महिने परदेशी, मग प्रजेकडे कोण पाहणार, हा आक्षेप लॉर्ड कर्झनने १९०० साली परिपत्रक काढून संस्थानिकांपुढे मांडला. रोख प्रामुख्याने सयाजीरावांवर होता. साम्राज्याला स्वतंत्र बाण्याचा राजा खुपत होता, हे खरेच. तरी आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. परगावी असलेल्या धन्याच्या हुकमांची अंमलबजावणी दुय्यम अधिकारी कशी करीत, याचा एक दारुण दाखला पुढे येणारच आहे.

संग्रहालय पाहायला वाचता यावे लागत नाही. परंतु पाहून जे कुतूहल जागे होते ते भागवायला वाचन हवे, आणि प्रजा तर निरक्षर. महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. मुले शिकली, पण शाळा सुटल्यावर पुस्तक दिसेनासे झाले तर अक्षरे विसरली जातात. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिल्यावर यावरचा उपाय महाराजांना गवसला. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणले. तीन वर्षांत बोर्डननी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग काढला. महाराजांनी राजवाड्यातील आपले सुमारे २०,००० ग्रंथ या ग्रंथालयाला दिले. खेड्यातील लोकांनी वर्गणी जमवावी, तेवढीच भर सरकारने व तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी, अशी योजना होती. ज्या गावी ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवीत; एक पेटी वाचून झाली की ती परत जाई व दुसरी येई. वाचता न येणाऱ्यांसाठी जादूच्या कंदिलाची व हलत्या चित्रांची वेगळी शाखा होती. ग्रंथालय खात्याने निरक्षरांची चिंता वाहावी, ही गोष्ट आजही विरळा. जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी बोर्डननंतर हे काम नेटाने चालवले. संग्रहालयात जग पेटीत घालून प्रजेपुढे ठेवले होते. येथे त्याच जगाच्या पेट्या गावोगाव निघाल्या.

आता तो दाखला. १९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस, कोलंबिया विद्यापीठात पाठवले. उच्च विद्या संपादून ते १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. कचेरीत स्थान होते, पण शहरात राहावयास खोली मिळेना. जात लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. मित्रांनी असमर्थता दर्शविली. दिवाणांकडूनही निवाऱ्याची सोय झाली नाही. मुंबईच्या रात्रीच्या गाडीला अवकाश होता. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत उघड्यावर काढले. हजारो वर्षांपूर्वीच्या परक्या मृतदेहासाठी त्याच बागेत दालन राखलेले होते. महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. परंतु त्यांच्या राजधानीतील घरमालकांची दारे हुकमाने उघडली नाहीत. हा प्रसंग गाळून सयाजीरावांचे चरित्र सांगणे म्हणजे त्यांच्या लढ्याची खरी अडचण दडवणे होय.

घरातही दुःखे कमी नव्हती. युवराज फत्तेसिंगराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंगराव १९२३ साली, असे तीन कर्ते पुत्र पित्याच्या हयातीत गेले. तरीही १९०९, १९२१ व १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने त्यांच्या कारकिर्दीत बडोद्यास भरली, प्राच्यविद्येची ग्रंथमाला निघाली, सयाजी साहित्यमालेतून मराठी व गुजरातीत ज्ञानविषयक पुस्तके प्रसिद्ध होत राहिली.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० नंतर संग्रहालय व मध्यवर्ती ग्रंथालय गुजरात शासनाकडे गेले. मांडवीतील त्या ग्रंथालयात पोलादी मांडण्या व काचेच्या जमिनी आजही आहेत. वरच्या मजल्यावरील उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा, यासाठी ती काच घातलेली आहे.