गाडी खाली बसवायचं वेड आख्ख्या अमेरिकेला लावणारा माणूस : हार्ले अर्ल

गावात नाहीतर कॉलेजच्या गेटवर एखादी तरी अशी गाडी दिसतेच. स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा. उभी असली की सगळे वळून बघतात. आणि पुढच्या चौकात स्पीड ब्रेकर आला की तीच गाडी तिरकी करून, गोगलगायीच्या चालीनं काढावी लागते. तरी खालून ‘खर्रर्र’ आवाज येतोच.

मग वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, गाडी काय दिसते बघ. दुसरा म्हणतो, दिसून काय करायचंय, चेंबर फुटलं म्हणजे कळेल.

हा वाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीत हाच वाद रंगला होता आणि त्यात एका बाजूला एकच माणूस उभा होता. त्याचं नाव हार्ले अर्ल.

हार्ले अर्लचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ चा, लॉस एंजेलिसचा. वडील घोडागाड्या बनवायचे. मोटारी आल्या, घोड्यांचे दिवस संपत आले, तसा वडिलांनी १९०८ मध्ये धंदा बदलला आणि अर्ल ऑटोमोबाइल वर्क्स सुरू झालं. त्या काळी श्रीमंत लोक कंपनीकडून नुसती चासी आणि इंजिन घ्यायचे, वरची बॉडी आपल्या हौसेप्रमाणे कारागिराकडून करून घ्यायचे.

हार्ले स्टॅनफर्डला शिकायला गेला खरा, पण शिक्षण अर्धवट टाकून वडिलांच्या कारखान्यात परतला. शेजारी हॉलिवूड वाढत होतं. सिनेमातल्या नटांकडे पैसा होता आणि चारचौघांत उठून दिसायची हौसही. विनोदी नट फॅटी आरबकलची गाडी अर्लनं केली. काउबॉयच्या भूमिका करणाऱ्या टॉम मिक्ससाठी केलेल्या गाडीवर तर चक्क घोड्याचं खोगीर बसवलेलं होतं.

१९१९ मध्ये कॅडिलॅकचे कॅलिफोर्नियातले मोठे डीलर डॉन ली यांनी हा कारखाना विकत घेतला. हार्ले तिथेच राहिला. तिथेच कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांची नजर त्याच्यावर पडली. गाडीचं मॉडेल लाकूड किंवा पत्र्याऐवजी मातीत घडवायची त्याची पद्धत त्यांना भारी वाटली. मातीत चूक झाली तर हातानं खरवडायची, कमी पडलं तर थापायची. आज जगभरातल्या डिझाइन स्टुडिओंत हीच पद्धत वापरतात.

फिशरनी त्याला डेट्रॉइटला बोलावलं आणि काम दिलं ‘लासाल’ या नव्या गाडीचं. १९२७ मध्ये लासाल आली आणि चालली. मग जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी अर्लसाठी एक नवा विभागच काढला, ‘आर्ट अँड कलर’. कंपनीतल्या जुन्या इंजिनीअर मंडळींना हे काही पचलं नाही. त्यांनी या विभागाचं नाव ठेवलं ‘ब्युटी पार्लर’.

अर्लच्या डोक्यात नेमकं काय होतं?

१९२० च्या दशकातल्या गाड्या डोळ्यासमोर आणा. उंच, अरुंद, खोक्यासारख्या. चाकांच्या रिंगा २०-२१ इंचांच्या. चासी एखाद्या शिडीसारखी, ती अॅक्सलच्या वर, तिच्यावर लाकडी फळ्या आणि त्यावर माणसं बसलेली. गाडीत बसायला फुटबोर्डवर पाय ठेवून वर चढावं लागायचं.

अर्लचं म्हणणं साधं होतं. चौकोनापेक्षा आडवा आयत डोळ्याला बरा वाटतो. गाडी जितकी लांब आणि जितकी खाली, तितकी ती उभी असतानाही पळतेय असं वाटतं. पुढची तीस वर्षं त्यानं हा एकच नाद केला. गाडी लांब करायची आणि खाली आणायची.

पण सुरुवातीलाच झटका बसला. १९२९ ची ब्युइक अर्लनं काढली, ती कारखान्यात पोचेपर्यंत बदलली. उत्पादनाच्या सोयीसाठी तिची उंची वाढवली गेली, बाजूचे पत्रे खालून आत घेतले गेले. अर्लला पत्ता नव्हता. कागदावर जी हलकीशी गोलाई होती, ती रस्त्यावर पोट सुटल्यासारखी दिसायला लागली. लोकांनी तिला ‘गरोदर ब्युइक’ म्हणायला सुरुवात केली. विक्री आपटली.

या अपयशातून अर्ल एक गोष्ट शिकला. काही इंच इकडेतिकडे झाले की आख्खी गाडी बिघडते, म्हणून दिसणं आणि यंत्र यांचा विचार वेगवेगळ्या खोल्यांत करून चालत नाही. तिथून पुढे आपलं डिझाइन इंजिनीअरांच्या हाती सोपवून तो कधी निवांत बसला नाही.

गाडी खाली आली कशी?

अर्लच्या गाड्या स्प्रिंग कापून खाली आलेल्या नाहीत, इथेच सगळी गंमत आहे. एकेक अडथळा शोधून बाजूला केला गेला.

पहिला अडथळा मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टचा. हायपॉइड नावाचे नवे गिअर आले आणि शाफ्ट खालून नेता आला, त्यामुळे गाडीचा तळ खाली घेता आला. दुसरा अडथळा चाकांचा. रिंगा लहान होत होत १९५७ पर्यंत १४ इंचांवर आल्या.

तिसरा सस्पेन्शनचा. १९३४ मध्ये जनरल मोटर्सनं पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. पुढचा आडवा अॅक्सल गेला, इंजिन पुढे आणि खाली सरकलं. मग मागचे प्रवासीही पुढे सरकले. आधी ते मागच्या अॅक्सलच्या डोक्यावर बसायचे, आता त्याच्या पुढे बसायला लागले. अॅक्सलवर बसायचं नाही म्हटल्यावर सीट खाली नेता येते. यात गाडी खाली आली आणि धक्केही कमी झाले. दिसणं आणि सोय, दोन्हीचा फायदा.

१९३८ मध्ये अर्लनं स्वतःसाठी एक गाडी बनवून घेतली, ब्युइक वाय-जॉब. फुटबोर्ड गायब, १३ इंची चाकं, झाकले जाणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा. मोटार उद्योगातली पहिली ‘कन्सेप्ट कार’ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. सहा फुटांहून उंच अर्ल त्या बुटक्या गाडीतून वर्षानुवर्षं फिरला. लोक वळून काय बघतात आणि काय बघत नाहीत, हे त्याला फुकटात कळत होतं.

समोरच्या बाजूचं ऐका

तिकडे क्रायसलर कंपनीचे प्रमुख के. टी. केलर यांचा हिशेब उलटा होता. गाडी बसायला असते, माणसाला डोक्यावरची हॅट न काढता तिच्यात बसता आलं पाहिजे. त्यामुळे १९४९ च्या क्रायसलरच्या गाड्या उंच आणि ऐसपैस निघाल्या. सोयीच्या बाबतीत त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती.

पण गिऱ्हाईक फिरकलं नाही. १९५२ मध्ये फोर्डनं क्रायसलरला मागे टाकून दुसरा नंबर घेतला. हॅटची काळजी कंपनीला होती, गिऱ्हाइकाला नव्हती.

हडसन कंपनीनं तिसराच रस्ता काढला. १९४८ च्या हडसनमध्ये गाडीचा तळ चासीच्या दांड्यांच्या वर न ठेवता त्यांच्या मध्ये खाली सोडला होता. गाडीत चढायचं नाही, उतरायचं. वजन जमिनीजवळ आल्यामुळे ही गाडी वळणावर चिकटून चालायची आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शर्यतींत तिनं भल्याभल्यांना धूळ चारली. खालची गाडी नुसती दिसायलाच बरी नसते, याचा हा रोकडा पुरावा होता.

आणि मग अती झालं

१९४८ च्या कॅडिलॅकला अर्लनं पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले शेपटीचे पंख लावले. १९५३ मध्ये त्याच्याच हाताखाली शेव्हरोलेची कॉर्वेट आली. १९५७ मध्ये क्रायसलरनंही केलरचा हिशेब गुंडाळून अर्लपेक्षा खालच्या गाड्या बाजारात आणल्या. आता चुरस इंचांची झाली.

इथून पुढे मात्र एकेका इंचाची किंमत मोजावी लागली. तळ खाली नेता यावा म्हणून १९५८ च्या शेव्हरोलेला इंग्रजी एक्सच्या आकाराची चासी दिली गेली. कडेचे दांडे नसल्यामुळे बाजूनं धडक बसली तर माणसाचं काय, हा प्रश्न लोक विचारायला लागले. त्याच वर्षी कंपनीनं हवेवर चालणारं सस्पेन्शन दिलं. त्यातून हवा गळायची आणि गाडी एका जागी बसून राहायची. लोकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. सहा फुटांच्या आसपास असणारी गाडी तोवर पाच फुटांच्या आत आली होती. मधल्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांत शाफ्टचा उंचवटा यायचा आणि आत बसताना मान वाकवावी लागायची.

१९५८ च्या अखेरीस अर्ल निवृत्त झाला. १० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडात त्याचं निधन झालं. तोवर जनरल मोटर्सनं पंख कापून टाकले होते, पण गाड्यांची उंची परत वाढली नव्हती.

त्याच्याच गावात, त्याच्याच गाड्या

अर्ल ज्या लॉस एंजेलिसमध्ये वाढला, तिथल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी त्याच्या गाड्या आणखी खाली आणल्या. कंपनीसारखा पैसा आणि स्टुडिओ त्यांच्याकडे नव्हता. कुणी डिकीत वाळूची पोती टाकायचं, कुणी स्प्रिंगा कापायचं. १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिंगेच्या खाली जाता कामा नये. त्यावर रॉन अगिरे या तरुणानं १९५९ मध्ये तोडगा काढला. विमानाचे जुने हायड्रॉलिक पंप गाडीला लावले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. ती गाडी होती कॉर्वेट, म्हणजे अर्लचीच. गाडी खाली करण्यावरची ही बंदी उठायला २०२४ साल उजाडावं लागलं.

मग आपली गाडी लो करावी का?

दिसण्याचं म्हणाल तर अर्ल चुकला नव्हता. टायर आणि मडगार्डमधली पोकळी कमी झाली की गाडी भारदस्त दिसते. वजन जमिनीजवळ आलं की वळणावर ती कमी झुकते, हेही खरं.

पण अर्लनं तळ, शाफ्ट, चाकं, सीट सगळंच खाली नेलं होतं. गॅरेजमध्ये स्प्रिंग कापली की फक्त बॉडी खाली येते, बाकी सगळं जिथल्या तिथं राहतं. चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही, खड्ड्यात सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळतं. चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतल्या बाजूनं खातो. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना अशी असते की ती फार खाली आणली, तर झुकणं कमी व्हायचा फायदाही बराचसा हातचा जातो.

त्यात आपले रस्ते. प्रमाणित स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, पण गल्लीतला ब्रेकर हे माप विचारत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या मूळ रचनेशी विसंगत बदल त्यात बसत नाहीत.

अर्ल स्वतः डेट्रॉइटच्या सपाट रस्त्यांवर गाडी चालवायचा. पण त्याच काळात, १९२८ पासून, जनरल मोटर्सच्या गाड्या मुंबईत शिवडीच्या कारखान्यातही जोडल्या जात होत्या. इकडच्या कच्च्या रस्त्यांवर त्या काळी उंच गाडीच कामाची होती. ज्या रस्त्यावर गाडी चालायची आहे, तो रस्ता आधी बघायचा आणि मग स्प्रिंगेला हात लावायचा. नाहीतर पोट सुटलेल्या ब्युइकसारखी, दिसणंही जातं आणि चालणंही.