सावतोबांचा मळा

आषाढात दिंड्या पंढरीची वाट धरतात, आणि नेमकी तेव्हाच शिवारात भांगलण येऊन ठेपते. आमच्या ईश्वरपूरच्या बाजारात माळवं घेऊन बसणाऱ्या माउल्यांच्या जिवाला तीच रुखरुख. वारी चुकली, आता देव काय म्हणेल? अशांनी अरणच्या सावतोबांचे चरित्र आठवावे.

महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० चा. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरचा धंदा मळ्याचा. मोट हाकायची, पाटाचे पाणी वाफ्यांत फिरवायचे, कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर पिकवायची. कीर्तनात आपण त्यांच्या मळ्यात मिरचीही लावतो. मीही पुष्कळ वर्षे लावली! पण मिरची या देशी आली ती पोर्तुगिजांबरोबर, महाराजांनंतर दोनशे वर्षांनी. तेव्हा तिखटाला मिरे होते. असो.

मळा टाकून महाराज पंढरीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. पाणी देताना नाम, खुरपताना नाम. सासुरवाडीचे पाहुणे आले तरी हे भजनात दंग. जनाबाई रागावल्या, तेव्हा त्यांची समजूत घालावी लागली. कूर्मदासाच्या भेटीस निघालेला देव वाटेत याच मळ्यात लपायला शिरला, नि महाराजांनी खुरप्याने छाती चिरून त्याला आत घेतले, ही कथा आपणां सर्वांना ठाऊकच आहे.

त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीस, पंचेचाळिशीत, महाराजांनी देह ठेवला. इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. अरणला मात्र दर आषाढ वद्यात पांडुरंगाचीच पालखी येते.