लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात : करवीरचा सेनानी

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्या काळी इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात भारतीय तरुणांसाठी वर्षाकाठी अवघ्या दहा जागा राखून ठेवलेल्या असत. त्यांपैकी एक जागा या मराठी युवकाने मिळविली आणि १९२६ मध्ये ते अधिकारी म्हणून बाहेर पडले. त्यांची नेमणूक चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत झाली. सरकारने भारतीय अधिकाऱ्यांसाठी जी आठ पथके निराळी काढली होती, त्यांपैकी ही एक. वरवर पाहता हा सन्मान होता. प्रत्यक्षात गोऱ्या अधिकाऱ्यांवर भारतीयाचा हुकूम चालू नये, हा त्यामागील हेतू होता. वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात त्यांची पहिली उमेदवारी झाली.

दुसऱ्या महायुद्धाने ही भिंत पाडली. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगाव येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तेथील ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीयांकडे होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण घेऊन थोरातांनी मेलरोझ नावाची टेकडी संगिनींच्या बळावर काबीज केली. तिन्ही सेनानींना डी.एस.ओ. हा मानाचा किताब मिळाला. भारतीय माणूस पलटण चालवू शकेल काय, ही शंका त्यानंतर कोणी उघडपणे बोलून दाखविली नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी लष्करातील अनेक उच्च पदे भूषविली. परंतु त्यांच्या स्वभावाची खरी पारख झाली ती १९५३ मध्ये, कोरियात. युद्धबंदी झाली, तरी मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैदी राष्ट्रसंघाच्या छावण्यांत होते. त्यांचा सांभाळ करण्याचे अप्रिय काम भारताच्या वाट्याला आले. देखरेख आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, तर सुमारे सहा हजार भारतीय जवानांच्या रक्षक दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील तळाला हिंद नगर असे नाव देण्यात आले. कैदी संतप्त, दोन्ही पक्ष साशंक, आणि रक्षकांनी शक्यतो गोळी चालवू नये अशी अपेक्षा! अशी जोखीम क्वचितच कोणा सेनापतीवर आली असेल.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आपल्या कुंपणात ओढून नेले. बळाचा वापर केला असता तर रक्तपात झाला असता आणि मेजरांचे प्राणही वाचले नसते. थोरात मोजक्या साथीदारांसह त्या खवळलेल्या जमावात शिरले. आरडाओरडा थांबेना, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की, चिनी लोकांच्या आतिथ्याची कीर्ती फार ऐकली आहे, पण येथे येऊन इतका वेळ झाला तरी कोणी चहा किंवा सिगारेटही पुढे केली नाही, हे कसे? जमाव क्षणभर गोंधळला. यजमानपणाची लाज राखण्यासाठी चहा आला, सिगारेट आली आणि वातावरण निवळले. बोलणी होऊन अखेर मेजर ग्रेवाल सुखरूप सुटले. एकही गोळी न झाडता केलेल्या या पराक्रमाला कांगावच्या टेकडीपेक्षा कमी लेखता येणार नाही. सरकारने त्यांना अशोकचक्र वर्ग दोन हे पदक दिले. १९६७ पासून तेच कीर्तिचक्र म्हणून ओळखले जाते.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. त्यांचे मुख्यालय लखनौला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याने भारतीय चौकीवर हल्ला केला आणि ईशान्य सीमेची जबाबदारी लष्कराकडे आली. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी संरक्षणाची आपली योजना दिल्लीला पाठविली. तिचे सूत्र कोणाही व्यापाऱ्यास चटकन पटावे असे होते. ज्याचे गोदाम जवळ, त्याचा पुरवठा टिकतो. ज्याचे दूर, त्याची वाहतुकीतच दमछाक होते. ऐन सीमेवर केवळ इशारा देणाऱ्या लहान चौक्या ठेवाव्यात, शत्रूला हिमालय ओलांडून लांबवर येऊ द्यावे आणि जेथे आपले रस्ते व रसद पोहोचते तेथे मागे भक्कम फळी उभारून त्याला गाठावे, असा तो विचार होता. लष्करप्रमुख थिमय्या यांनी योजना उचलून धरली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र हा अकारण भयाचा आविष्कार मानून ती बाजूस सारली. थोरातांनी नाउमेद न होता मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धाभ्यास घेऊन पुरेशा सैन्याअभावी सीमेवर काय घडेल, याचे चित्रच वरिष्ठांपुढे मांडले. तेही कागदावरच राहिले.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत ही त्यांची शिफारस होती. निवड झाली ती जनरल थापर यांची. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले.

पुढे २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. सीमेलगत विखुरलेल्या, गरम कपडे व दारूगोळा अपुरा असलेल्या तुकड्या वाहून गेल्या. तवांग त्याच महिन्यात पडले. नोव्हेंबरमध्ये सेला आणि बोमडिला. या पराभवानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले आणि जुनी योजना समजून घेतली. ती आपल्याला पूर्वी का दाखविली गेली नाही, असा प्रश्न पंतप्रधानांनी केला. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, एवढेच थोरात म्हणाले. अधिक बोलून जुना हिशेब चुकता करण्याची संधी त्यांनी घेतली नाही. मेनन तोवर पायउतार झाले होते आणि संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले होते.

उत्तरायुष्य त्यांनी कोल्हापुरात घालविले. १९८६ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्या योजनेची हकिगत सविस्तर आली आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.